दुसऱ्या विश्वात स्थिरांक वेगळे असतात का? मोजणाऱ्याच्या बाजूनं एक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: “मल्टिव्हर्समध्ये दर विश्वात प्रकाशाचा वेग वेगळा, गुरुत्वस्थिरांक वेगळा, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान वेगळं, असं एका व्याख्यानात ऐकलं. हे सिद्ध झालंय का? नसेल, तर शास्त्रज्ञ इतक्या खात्रीनं कसं सांगतात? मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे याच विषयात काम करायचं मनात आहे.”

आधी सरळ उत्तर. सिद्ध झालेलं नाही. दुसऱ्या विश्वातला एकही स्थिरांक कुणी मोजलेला नाही. पण ही कल्पना हवेतून आलेली नाही. आज आपल्या हातात जे सिद्धांत आहेत त्यांतल्या काहींमधून ती आपोआप निघते, आणि का निघते हे समजून घेण्यासारखं आहे. मी वीस-बावीस वर्षं दूरच्या क्वासारांच्या (अतिशय तेजस्वी दीर्घिका-केंद्रांच्या) वर्णपटातल्या शोषणरेषा, म्हणजे वाटेतल्या वायूनं प्रकाश गिळल्यामुळे पडलेल्या काळ्या रेषा, मोजत आलो आहे. आपल्याच विश्वात, अब्जावधी वर्षांपूर्वी, हे आकडे आजच्याइतकेच होते का, एवढंच त्या रेषांना विचारता येतं. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूनं आलेलं आहे. स्ट्रिंग सिद्धांतात, म्हणजे सगळे कण सूक्ष्म तंतूंची कंपनं आहेत असं मानणाऱ्या सिद्धांतात, काम करणारा माणूस कदाचित वेगळ्या ठिकाणी जोर देईल.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकत्र आले आहेत: कुठला स्थिरांक, कुठलं मल्टिव्हर्स, आणि तो स्थिरांक बदलवणारं यंत्र कोणतं. या तिन्हींवर उत्तर अवलंबून आहे. व्याख्यानात हे बहुधा सुटं करून सांगितलं जात नाही, आणि गोंधळ तिथेच होतो.

प्रकाशाच्या वेगापासून सुरुवात करू. १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून केली जाते: सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, अगदी नेमका, कारण तसं ठरवलं आहे. मग “तिथे प्रकाशाचा वेग दुप्पट आहे” या वाक्याला अर्थ काय उरतो? तिथला मीटर कशानं मोजायचा? अणूंच्या आकारानं मोजला, तर अणूंचा आकार इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावर आणि प्रभारावर ठरतो. म्हणजे वेग बदलला, का पट्टीच बदलली, हे सांगायला मार्गच नाही. जुन्या बाजारात दोन गावांचे शेर वेगळे असायचे. एका गावचं धान्य दुसऱ्या गावात “कमी भरलं” तर धान्य कमी की शेर मोठा, हे नुसत्या आकड्यावरून कळत नसे. म्हणून ज्यांना एकक लागतं ते स्थिरांक बाजूला ठेवा आणि ज्यांना एकक लागत नाही ते धरा.

त्यातला सर्वांत महत्त्वाचा सूक्ष्मरचना स्थिरांक, आल्फा. विद्युतचुंबकीय बळ किती जोरकस आहे हे तो सांगतो आणि त्याचं मूल्य १/१३७.०३६ च्या जवळ आहे. फुटात मोजा, हातात मोजा, परग्रहावरच्या कुठल्याही मापात मोजा, तो तेवढाच येणार. दुसरा, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर: १८३६.१५. तिसरा, रिकाम्या जागेच्या ऊर्जेची घनता, म्हणजे विश्वस्थिरांक, प्लांकच्या नैसर्गिक एककांत मोजलेला. तो इतका लहान आहे की दशांश चिन्हानंतर १२० हून अधिक शून्यं लिहावी लागतात. “दुसऱ्या विश्वात वेगळे” म्हणायचं असेल तर ते अशा शुद्ध आकड्यांबद्दल म्हणायचं. गुरुत्वस्थिरांकही एकटा घेऊ नका. दोन प्रोटॉनांमधलं गुरुत्व त्यांच्यातल्या विद्युतबळाच्या तुलनेत किती, असं विचारा.

आता कुठलं मल्टिव्हर्स? हा शब्द किमान तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. आपल्याला दिसणाऱ्या विश्वाची त्रिज्या आज सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षं आहे. त्यापलीकडेही असंच अवकाश पसरलेलं असेल तर त्यालाही काही लोक “दुसरी विश्वं” म्हणतात. तिथे स्थिरांक तेच असणार, वेगळे मानायला साधा इन्फ्लेशन सिद्धांत (विश्व अगदी सुरुवातीला क्षणात प्रचंड फुगलं असं सांगणारा) काही कारण देत नाही. दुसरं म्हणजे १९५७ मधली ह्यू एव्हरेटची क्वांटम मांडणी, जिच्यात प्रत्येक शक्यतेची शाखा फुटते. त्या सगळ्या शाखा एकाच नियमांवर आणि त्याच स्थिरांकांवर चालतात. सिनेमांनी या कल्पनेवर बरंच काही रचलं आहे, पण स्थिरांक बदलण्याशी तिचा संबंध नाही. तुमचा प्रश्न ज्याला लागू होतो ते तिसरं: चिरंतन इन्फ्लेशन आणि त्याच्या जोडीला स्ट्रिंग सिद्धांताचा भूप्रदेश, ज्याला इंग्रजीतूनच आलेल्या शब्दानं आम्ही सगळे लँडस्केप म्हणतो.

तिथलं यंत्र कळायला आधी आपल्याच विश्वातलं एक उदाहरण घ्या, कारण ते मोजलेलं आहे. इलेक्ट्रॉनला वस्तुमान मिळतं ते हिग्ज क्षेत्रामुळे. हे क्षेत्र रिकाम्या अवकाशातही शून्य नसतं, त्याचं स्थिर मूल्य २४६ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. हिग्ज कण २०१२ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडला, त्यामुळे ही गोष्ट आता कागदावरची राहिलेली नाही. पण विश्व अगदी तरुण आणि प्रचंड तापलेलं होतं तेव्हा हे क्षेत्र शून्यावर होतं, असं आपला सिद्धांत सांगतो. म्हणजे तेव्हा इलेक्ट्रॉनला आजच्या अर्थानं वस्तुमान नव्हतं. विश्व थंड झालं, क्षेत्र एका मूल्यावर बसलं आणि तो आकडा कायमचा झाला. ज्याला आपण निसर्गाचा मूलभूत आकडा समजत होतो तो प्रत्यक्षात एका क्षेत्राची आजची स्थिती निघाली.

हेच ताणून पाहा. स्ट्रिंग सिद्धांताला दहा मिती लागतात. आपल्याला दिसणाऱ्या चार सोडून उरलेल्या सहा अतिशय लहान घड्यांमध्ये गुंडाळलेल्या असतात. त्या घडीचा आकार, तिच्यातली छिद्रं, त्यांतून जाणारे क्षेत्रांचे प्रवाह, यांवर चार मितींत दिसणारी बळं आणि वस्तुमानं ठरतात. २००० मध्ये रफाएल बुसो आणि जोसेफ पोलचिन्स्की यांनी दाखवलं की या प्रवाहांच्या जुळण्या इतक्या होतात की त्यांतून अतिशय लहान विश्वस्थिरांक असलेल्या अवस्थाही मिळाव्यात. २००३ मध्ये काचरू, कॅलॉश, लिंडे आणि त्रिवेदी या चौघांनी अशी घडी स्थिर कशी राहील याची एक रीत मांडली. त्यातले संदीप त्रिवेदी हे मुंबईत कुलाब्याला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, पुढे तिचे संचालक झाले. जगभर ‘केकेएलटी’ नावानं चालणाऱ्या या कामात कुलाब्याचा एवढा वाटा आहे हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. अशा स्थिर अवस्थांची संख्या म्हणून एकावर पाचशे शून्यं हा आकडा प्रसिद्ध झाला. तो ढोबळ अंदाज आहे, मोजदाद नव्हे.

पण शक्य अवस्था असणं आणि त्या कुठेतरी प्रत्यक्षात असणं यांत फरक आहे. तो सांधा चिरंतन इन्फ्लेशन जोडतं. १९८० च्या दशकात अलेक्झांडर व्हिलेन्किन आणि आंद्रेई लिंडे यांनी दाखवलं की इन्फ्लेशन एकदा सुरू झालं की अनेक प्रतिमानांत ते सगळीकडे एकदम थांबत नाही. कुठे थांबतं, तिथे एक बुडबुडा तयार होतो, बाकीचा भाग पसरतच राहतो. या चित्रात आपण अशाच एका बुडबुड्यात आहोत. हे बुडबुडे लँडस्केपमधल्या वेगवेगळ्या अवस्थांत स्थिरावले, तर एकात आल्फा १/१३७, दुसऱ्यात १/९०, तिसऱ्यात विद्युतबळासारखं काहीच नाही, असं होऊ शकतं. तुम्ही ऐकलेलं वाक्य इथून येतं. त्याच्या पायाशी दोन गृहीतकं आहेत: इन्फ्लेशन चिरंतन आहे आणि लँडस्केप खरंच तसा आहे. दुसऱ्याबद्दल तर स्ट्रिंगवाल्यांतच मतभेद आहेत. कमरान वाफा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये असा तर्क मांडला की धन विश्वस्थिरांकाची स्थिर अवस्था या सिद्धांतात कदाचित मिळतच नाही. वाद अजून चालू आहे.

मी हे विद्यार्थ्यांना पावसाच्या उदाहरणानं सांगतो. जन्मभर महाबळेश्वरातच राहिलेल्या एखाद्यानं वर्षानुवर्षं पाऊस मोजला आणि दरवर्षी पाच-सहा हजार मिलिमीटर भरला, तर त्याला हा निसर्गाचा नियमच वाटेल. तो आकडा गणितानं सिद्ध करायला बसेल आणि ते कधीच जमणार नाही, कारण तो नियम नाही, ती जागा आहे. नियम वेगळे आहेत: वाफ, वारा, घाट. तेच नियम थोड्याच अंतरावर माण-खटावात दुष्काळ देतात. लँडस्केपचं म्हणणं एवढंच आहे की आल्फा, क्वार्कांची (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांची) वस्तुमानं, विश्वस्थिरांक हे महाबळेश्वरच्या पावसासारखे असू शकतात. क्वांटम यांत्रिकी, सापेक्षता आणि ज्यांतून या घड्या निघतात ते मूळ समीकरण मात्र सगळीकडे तेच. म्हणजे “तिथे काहीही असू शकतं” असं हा सिद्धांतही म्हणत नाही.

आता माझ्या कामाकडे येतो. महाबळेश्वरचा माणूस बाहेर न पडताही एक गोष्ट करू शकतो. आपल्याच हद्दीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाऊस कमी होतोय का, हे बघू शकतो. आम्ही तेच करतो. दूरच्या क्वासारचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतल्या दीर्घिकेच्या वायूतून जातो आणि त्यातले मॅग्नेशियम, लोह असे अणू ठरावीक तरंगलांब्या शोषून घेतात. आल्फा बदलला तर मॅग्नेशियमच्या रेषा जवळजवळ जागच्या जागी राहतात आणि लोहाच्या सरकतात. लाल सरकीमुळे, म्हणजे विश्वाच्या प्रसरणानं तरंगलांबी ताणली गेल्यामुळे, मात्र सगळ्या रेषा एकाच प्रमाणात सरकतात. या फरकावरून आल्फाचा बदल वेगळा ओळखता येतो. १९९९ पासून जॉन वेब यांच्या ऑस्ट्रेलियातल्या गटानं हवाईतल्या केक दुर्बिणीच्या वर्णपटांवरून सांगितलं की पूर्वी आल्फा दहा लाखात पाच-सहा भागांनी कमी होता. त्या वेळी आम्हा सगळ्यांची झोप उडाली होती. पुढे २०११ मध्ये त्याच गटानं चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीचा डेटा जोडून, आकाशाच्या एका दिशेला आल्फा वाढतो आणि विरुद्ध दिशेला घटतो, असंही मांडलं.

मधल्या काळात, २००४ मध्ये, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले श्रीआनंद, हम चंद आणि पॅरिसचे पॅट्रिक पेटिजाँ यांच्या गटानं व्हीएलटीवरच्या २३ शोषणप्रणाली मोजून बदल शून्याशी जुळतो असं सांगितलं. त्यांच्या त्रुटीच्या अंदाजावर वेब यांच्या गटानं नंतर आक्षेप घेतला, आणि काही आक्षेपांत तथ्य होतं. दोन्ही बाजूंचे पेपर शेजारी ठेवून वाचा. हा विषय खऱ्या अर्थानं कसा चालतो ते त्यातून कळेल.

हे मोजणं किती नाजूक आहे त्याचा अंदाज असा: आल्फामध्ये लाखात एक भाग फरक पडला तर लोहाची रेषा मॅग्नेशियमच्या तुलनेत सेकंदाला सुमारे २०० मीटर इतक्या वेगाएवढी सरकते. आमच्या डिटेक्टरवर तो एका पिक्सेलच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरतो. माझ्या उमेदीच्या काळात मला एका क्वासारमध्ये नेमका असा फरक सापडला होता. तीन आठवडे मी तोच आकडा पुन:पुन्हा काढत होतो. शेवटी लक्षात आलं की लोहाच्या रेषा वर्णपटमापकाच्या निळ्या शाखेत आणि मॅग्नेशियमच्या लाल शाखेत पडत होत्या, आणि दोन्ही शाखांच्या फटींवर क्वासारची प्रतिमा किंचित वेगळ्या जागी बसली होती. तरंगलांबीची पट्टी बसवायला वापरतात त्या थोरियम-आर्गॉनच्या दिव्याचा प्रकाश सगळी फट भरून टाकतो, त्यामुळे दिव्यानं ही चूक दाखवली नाही. एका विश्वाचा नियम बदलल्याचं जे वाटलं होतं ते अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान अंतराचं काम निघालं. तेव्हापासून कुठल्याही दाव्याबद्दल मी पहिला प्रश्न तरंगलांबीची पट्टी कशी बसवली याचा विचारतो. पुढे २०१५ च्या सुमारास सूर्यासारख्या ताऱ्यांचे आणि लघुग्रहांवरून परावर्तित झालेले वर्णपट घेऊन दाखवलं गेलं की केक आणि व्हीएलटी या दोन्हींवरच्या वर्णपटमापकांच्या पट्ट्या लांब अंतरावर थोड्या वाकड्या होत्या, आणि जुन्या निकालांचा मोठा भाग त्यातून येऊ शकतो. नव्या एस्प्रेसो वर्णपटमापकात लेझरची कंगव्यासारखी समान अंतराची रेषामाला वापरतात. त्यावर २०२२ मध्ये एका तेजस्वी क्वासारसमोरच्या वायूसाठी आलेला आकडा दहा लाखात १.३, अधिक-उणे १.३. म्हणजे शून्याशी जुळणारा.

दुसरीकडून येणारे पुरावेही याच बाजूचे आहेत. आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये ओक्लो इथल्या खाणीत युरेनियम-२३५ चं प्रमाण किंचित कमी आढळलं, ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७. १९७२ मध्ये उलगडा झाला की तिथे जवळजवळ दोन अब्ज वर्षांपूर्वी नैसर्गिक अणुभट्टी चालली होती. तिथल्या समेरियम-१४९ नं न्यूट्रॉन किती गिळले यावरून तेव्हाचा आल्फा आजच्यापेक्षा फारसा वेगळा नव्हता हे कळतं. रशियन भौतिकशास्त्रज्ञ श्ल्याख्तर यांनी १९७६ मध्ये हे दाखवलं. मला हा पुरावा सर्वांत सुंदर वाटतो. कुणीही योजना न करता जमिनीनं स्वतःच एक प्रयोग केला आणि त्याची नोंद दोन अब्ज वर्षं सांभाळून ठेवली. प्रयोगशाळेत अ‍ॅल्युमिनियम आणि पाऱ्याच्या आयनांच्या घड्याळांची तुलना करून २००८ मध्ये दिसलं की आल्फा आज वर्षाला बदलत असलाच, तर दहा कोटी अब्जात मोजक्या भागांहून अधिक नाही.

इथपर्यंतचा हिशोब असा: आपल्या विश्वात, आपण पाहू शकतो तितक्या काळात आणि अंतरात, आल्फा दहा लाखात काही भागांपर्यंत तरी तोच आहे.

मग मल्टिव्हर्स मोडीत निघालं का? नाही, आणि इथे माझं पावसाचं उदाहरण तोकडं पडतं. घाटावरून पाऊस हळूहळू उतरत जातो, पण बुडबुड्याच्या आत तसा उतार असण्याचं कारण नाही. ज्या क्षेत्रांनी आल्फा ठरवला ती खोल खळग्यात बसलेली असतील तर बुडबुडाभर तीच राहतील. फरक भिंतीपलीकडे, आणि ती भिंत आपल्या क्षितिजाबाहेर. म्हणून आमचा शून्य हा निकाल लँडस्केपशी जुळतो, आणि लँडस्केप नाही या म्हणण्याशीही जुळतो.

उलट बाजू अनेकांना धक्का देते. उद्या आल्फा खरंच बदलतो असं सापडलं, तर मल्टिव्हर्सवाल्यांना आनंद व्हायला हवा ना? २००२ मध्ये बँक्स, डाइन आणि डग्लस यांनी याच्या उलट दाखवलं. आल्फा बदलण्यासाठी एक अतिशय हलकं क्षेत्र लागतं. त्याच्याबरोबर रिकाम्या अवकाशाची ऊर्जा प्रचंड बदलायला हवी. तशी ती बदललेली नाही. हे जुळवून घ्यायला जितकी योगायोगाची साखळी लागेल तिचं स्पष्टीकरण “आपण राहू शकतो अशाच विश्वात आपण आहोत” या युक्तिवादातूनही मिळत नाही. म्हणजे तो शोध मोठाच असेल, पण दुसऱ्या विश्वांचा पुरावा म्हणून तो वापरता येणार नाही.

मग खात्रीनं बोलणाऱ्यांकडे काय आहे? त्यांच्याकडे एक खरोखर वजनदार गोष्ट आहे. १९८७ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग यांनी विचारलं: विश्वस्थिरांक ठिकठिकाणी वेगळा असेल तर दीर्घिका बनायला तो जास्तीत जास्त किती चालेल? फार मोठा असेल तर विश्व इतक्या वेगानं पसरतं की वायू एकत्र येऊच शकत नाही. उत्तर आलं, आजच्या द्रव्याच्या घनतेच्या काहीशे पट. तेव्हा बहुतेकांना तो शून्य निघेल असं वाटत होतं. वाइनबर्ग यांच्या तर्कानुसार तो शून्य असायचं कारण नव्हतं, मर्यादेच्या आत कुठेतरी असायला हवा होता. १९९८ मध्ये सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारे तारे, अभ्यासणाऱ्या दोन गटांना विश्वाचं प्रसरण वेग घेत असल्याचं दिसलं आणि आकडा त्या मर्यादेत बसला. म्हणजे हा तर्क निरीक्षणाच्या अकरा वर्षं आधीचा. मी या युक्तिवादाचा मान ठेवतो.

तरी दोन शंका राहतात. वाइनबर्ग यांनी फक्त एक आकडा बदलू दिला, बाकीचे जागच्या जागी ठेवले. सुरुवातीच्या विश्वातल्या घनतेतले चढउतार आपल्याकडे लाखात एकाच्या आसपास आहेत. तेही बदलू दिले तर दीर्घिका मोठ्या विश्वस्थिरांकातही बनतात आणि मर्यादा सैल होते. दुसरी शंका अधिक खोल आहे. अनंत बुडबुड्यांत “कुठला आकडा किती वेळा” हे मोजायचं कसं यावर एकमत नाही. अनंताला अनंतानं भागताना क्रम बदलला की उत्तर बदलतं. माझ्या मते हा प्रश्न सुटेपर्यंत मल्टिव्हर्सकडून येणाऱ्या कुठल्याही शक्यतेच्या आकड्यावर विसंबू नये.

थेट पुराव्याचीही एक वाट आहे. आपला बुडबुडा पूर्वी दुसऱ्यावर आदळला असेल तर वैश्विक पार्श्वभूमी प्रारणात, म्हणजे तरुण विश्वातून उरलेल्या सर्वदूरच्या प्रकाशात, वर्तुळाकार ठसा दिसू शकतो. हिरान्या पेइरिस आणि सहकाऱ्यांनी हे प्रारण मोजणाऱ्या डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या डेटात २०११ मध्ये तो शोधला, ठोस काही मिळालं नाही.

“आकडे जरा बदलले तर जीवन अशक्य” या वाक्याचंही थोडं. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा हजारात दीड भागाहूनही कमी जड आहे. हे उलटं असतं तर हायड्रोजन टिकला नसता. ताऱ्यांत कार्बन बनायला त्याच्या अणुकेंद्रकाची ७.६५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टची पातळी लागते. फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये ती असलीच पाहिजे असं सांगितलं आणि ती प्रयोगात सापडली. पुढे केंब्रिजला याच हॉइल यांच्याकडे जयंत नारळीकर संशोधन करायला गेले. पण २००६ मध्ये हार्निक, क्रिब्ज आणि पेरेझ यांनी दुर्बल बळ (काही प्रकारच्या किरणोत्सारामागचं मूलभूत बळ) अजिबात नसलेलं विश्व कागदावर उभं केलं. बाकीचे आकडे त्याला अनुरूप घेतले की त्यातही तारे जळतात. म्हणजे एकेक आकडा सुटा हलवून “अशक्य” म्हणणं घाईचं आहे.

तुमच्या पुढच्या अभ्यासाबद्दल. लँडस्केपकडे जायचं असेल तर क्वांटम क्षेत्र सिद्धांत आणि भूमिती यांना पर्याय नाही, आणि निरीक्षणाशी भेट व्हायला कदाचित आयुष्य जाईल, हे स्वीकारून जा. मोजण्याकडे यायचं असेल तर आजच सुरुवात करता येते. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या संग्रहातले क्वासारांचे जुने वर्णपट सर्वांना खुले आहेत. एक उतरवून घ्या, आलेख काढा आणि मॅग्नेशियमची जोडी शोधा. प्रयोगशाळेत त्या रेषा २७९६ आणि २८०३ अँगस्ट्रॉमवर असतात. क्वासारमध्ये त्या लाल बाजूला सरकलेल्या दिसतील, पण तरंगलांब्यांचं गुणोत्तर तेच राहतं, त्यामुळे ती जोडी लगेच ओळखू येते. तिच्यावरून लाल सरकी काढा, मग तिच्याच आधारे लोहाची २३८२ ची रेषा कुठे असायला हवी ते काढा, आणि ती खरंच तिथे आहे का ते पाहा.